मुका झालेला स्पीकर पुन्हा बोलता कसा कराल?



आज पिकाविषयी बोलायचे नाही. घरातल्या एका लहानशा वस्तूविषयी बोलायचे आहे. टीव्हीशेजारच्या फळीवर किंवा माजघराच्या कोनाड्यात एक मोठा आणि दोन छोटे डबे असलेला स्पीकर आता गावोगाव दिसतो. सकाळी त्यावर अभंग लागतात. संध्याकाळी मुले मोबाइल जोडून धडे ऐकतात. शेतीशाळेला आम्हीही असाच स्पीकर बरोबर नेतो. दहा बायामाणसे बसली तर शेवटच्या माणसाला ऐकू जायला तो पुरतो.

मग एके रात्री लाइट जाते. तासाभराने येते, तेव्हा घरातले दिवे क्षणभर लखलखतात. 'फट्' असा आवाज होतो, करपट वास सुटतो आणि स्पीकर मुका होतो. पुष्कळ घरांनी हा अनुभव घेतला आहे.

यावर सहसा दोन गोष्टी घडतात. एक तर तो स्पीकर माळ्यावर टाकून नवा आणला जातो. नाहीतर घरातला एखादा हौशी मुलगा मागची काचेची फ्यूज काढतो, तिच्या जागी तांब्याची तार पिळतो आणि बटण दाबतो. पहिल्या गोष्टीत पैसे जातात. दुसऱ्या गोष्टीत घर पेटू शकते, माणूसही जाऊ शकतो. म्हणून या लेखात एकच गोष्ट नीट समजून घेऊ: फ्यूज उडाली तर ती कशामुळे उडाली हे कळल्याशिवाय दुसरी घालायची नाही. हे एवढे पाळले तर असले पुष्कळसे स्पीकर थोड्या पैशात पुन्हा चालू होतात.

आत असते तरी काय?

मोठ्या डब्याचे मागचे झाकण काढले की आत बहुधा एक जड ट्रान्सफॉर्मर आणि एक छोटी पट्टी दिसते. त्या पट्टीवरच्या वस्तूंची नावे अवघड वाटतात, पण कामे तुमच्या ओळखीची आहेत.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची. स्पीकरला एवढी नको असते. ट्रान्सफॉर्मर ती उतरवून १२ व्होल्टच्या आसपास आणतो. कालव्याचे पाणी दरवाजातून चारीला बेताने सोडावे तसेच हे.

ही वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. स्पीकरला मात्र एकाच दिशेने जाणारी वीज हवी. ते काम डायोड करतात. विहिरीतला फूटव्हॉल्व्ह पाणी वर येऊ देतो, खाली जाऊ देत नाही, डायोडही तसाच. बहुधा चार डायोड एकत्र बसवलेले असतात. १एन ४००७ किंवा १एन ५४०८ हे आकडे त्यांवर वाचायला मिळतील. पहिला १ अँपिअरचा, दुसरा ३ अँपिअरचा.

डायोडमधून येणारी वीज धक्क्याधक्क्याने येते. ती साठवून एकसारखी देणारा भाग म्हणजे कपॅसिटर. पंपाच्या मोटरीचा कंडेन्सर तुम्ही पाहिला आहे. हा त्याच कुळातला, पण एकदिश विजेचा. विहिरीवरून हौदात पाणी घ्यावे आणि हौदातून पिकाला एकसारखे सोडावे, तसे याचे काम. उभ्या गोल डबीसारखा असतो. अंगावर २२०० किंवा ४७०० मायक्रोफॅरड आणि २५ व्होल्ट असे काहीतरी छापलेले असते.

त्यापुढे कुठे कुठे ७८१२ किंवा ७८०५ असा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. ठिबक संचातला प्रेशर रेग्युलेटर जसा दाब बांधून देतो, तसा हा १२ किंवा ५ व्होल्ट बांधून देतो. यूएसबी आणि ब्लूटूथची पट्टी त्यावर चालते. शेवटी येते आवाज मोठा करणारी आयसी. टीडीए २०३० ही तिची एक फार चालणारी जात.

आणि या सगळ्यांच्या आधी, दारातच, फ्यूज.

फ्यूज म्हणजे शिअर बोल्ट

रोटाव्हेटरच्या शाफ्टला शिअर बोल्ट असतो. जमिनीत दगड लागला की बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. त्या जागी कोणी पोलादी बोल्ट ठोकला तर पुढच्या दगडाला बोल्ट तुटत नाही, गिअरबॉक्स फुटतो. फ्यूजचेही तंतोतंत असेच आहे. आतला एखादा भाग जळून आखूड जोडला गेला, ज्याला कारागीर 'शॉर्ट' म्हणतात, की वीज मोकाट वाहू लागते. फ्यूजची तार वितळते आणि पुढचा अनर्थ टळतो.

त्या जागी तांब्याची तार घातली तर ट्रान्सफॉर्मर तापत राहतो. त्याच्या वेटोळ्यावरचे वार्निश जळते, मग वरचा कागद, मग डब्याचे लाकूड किंवा प्लॅस्टिक. शेजारी गोधड्या असतात, भिंतीला गोणपाट टेकलेले असते. पुढचे सांगायला नको.

खोक्यावर दोन हजार वॅट, पाच हजार वॅट असे लिहिलेले पाहून कोणी जाड फ्यूज घालू नये. ते आकडे विक्रीचे असतात. खरा आकडा डब्याच्या मागच्या पट्टीवर असतो. तिथे ४० वॅट लिहिले असेल तर ४० भागिले २३०, म्हणजे ०.१७ अँपिअर एवढीच वीज तो घरातून घेतो. ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर जास्त ओढतो, म्हणून सावकाश उडणारी फ्यूज लावलेली असते. तिच्या टोपणावर अँपिअरच्या आकड्यापूर्वी इंग्रजी 'टी' अक्षर असते. जो आकडा आणि जे अक्षर मूळ फ्यूजवर असेल तेच नवीवर हवे.

लाइट आल्यावरच का उडतो?

याचे उत्तर थोड्या हिशेबात आहे. कंटाळा करू नका.

ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्ट आले, तरी ते डायोडमधून जाऊन कपॅसिटरमध्ये साठतात तेव्हा १.४१ पट होतात, म्हणजे सुमारे १७. त्यातले ०.७ व्होल्ट डायोड खातो. राहिले १६. टीडीए २०३० आयसी एका बाजूला १८ व्होल्टपर्यंत सोसते. म्हणजे दोन व्होल्टचीच सवलत आहे.

आता रात्री शिवारातले पंप बंद झाले, तारेवरचा भार उतरला आणि घरातली वीज २७० व्होल्टवर चढली असे धरा. ट्रान्सफॉर्मर १२ ऐवजी १४ देतो आणि कपॅसिटरवर १९ व्होल्ट उभे राहतात. आयसीची मर्यादा ओलांडली गेली. बनवणाऱ्याने पैसे वाचवायला २५ ऐवजी १६ व्होल्टचा कपॅसिटर घातला असेल, तर तो आधी फुगतो.

यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटणे. न्यूट्रल शाबूत असेल तर प्रत्येक घराला फेज आणि न्यूट्रलमधले २३० व्होल्ट मिळतात. तो तुटला की दोन फेजांवरची घरे एकमेकांना जोडल्यासारखी होतात. दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट असतात. ज्या घरात विजेची उपकरणे कमी चालू असतील, त्या घराच्या वाट्याला त्यातला मोठा हिस्सा येतो. एका घरात दिवे लखलखतात, पंखा भन्नाट पळतो आणि शेजारच्या घरात दिवे मिणमिणतात. ही खूण दिसली की घराचे मेन स्विच तत्काळ बंद करा आणि लाइनमनला कळवा. डीपीवर स्वतः चढू नका, कोणाला चढूही देऊ नका. स्पीकर पुन्हा आणता येतो. डीपीवर चिकटलेला माणूस परत येत नाही.

जड की हलका, आधी हे पाहा

दुरुस्तीला हात घालण्याआधी डबा कोणत्या जातीचा ते ओळखा. डबा जड असेल आणि आत लोखंडी पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर दिसत असेल तर पुढची माहिती त्याच्यासाठी आहे.

डबा हलका असेल, २३० व्होल्टची तार थेट एका पट्टीवर जात असेल आणि तिथे ४०० व्होल्ट छापलेला गोल कपॅसिटर दिसत असेल, तर ती एसएमपीएस जात आहे. तिला घरी हात लावू नका. तिच्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट उभे असतात आणि पिन काढल्यावरही ते काही वेळ टिकून राहतात. न्यूट्रल तुटून ४०० व्होल्ट आले तर याच कपॅसिटरवर ५६५ व्होल्ट चढू पाहतात आणि तो टोपी उडवून फुटतो. असा डबा कारागिराकडेच न्या.

तिसरी जात बाहेरच्या अडॅप्टरवर चालणारी. तिथे अनेकदा नुसता अडॅप्टर गेलेला असतो. नवा घेताना चार गोष्टी जुळवा: व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, पिनच्या मधल्या भागाला अधिक की उणे, ते चित्र दोन्हींवर सारखे हवे, आणि एसी की डीसी हेही सारखेच हवे.

खोलण्यापूर्वी

१. पिन बोर्डातून बाहेर काढा. बटण बंद केले म्हणजे वीज बंद झाली असे समजू नका. घराच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील तर बटण बंद असूनही तारेत फेज उभा असतो. काढलेली पिन आपल्या डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे पोर येऊन ती परत खोचणार नाही.

२. पाच मिनिटे थांबा. मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून मोठ्या कपॅसिटरचे दोन पाय तपासा. दोन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर पक्कडीत धरून त्याची टोके काही सेकंद त्या दोन पायांना टेकवा. पेचकसाने ठिणगी पाडू नका; त्याने कपॅसिटरही जातो आणि डोळ्यालाही धोका.

३. पायांत कोरड्या चपला, खाली कोरडी फळी, शेजारी एक जाणते माणूस. एकट्याने हे काम करायचे नाही.

४. तारा सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणती तार कुठे होती हे नंतर आठवत नाही.

आधी डोळे आणि नाक, मग मीटर

पीक पिवळे पडले की आपण आधी पान उलटून पाहतो, मुळी उपटून पाहतो, मग औषध ठरवतो. इथेही तोच क्रम.

फ्यूजची काच पाहा. आतली तार नुसती मधोमध तुटली असेल आणि काच स्वच्छ असेल तर बिघाड लहान असण्याचा संभव आहे. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर आत नक्कीच शॉर्ट आहे. कपॅसिटरची टोपी सपाट हवी. ती फुगली असेल, तिच्यावरच्या चिरा उघडल्या असतील किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल तर तो गेला. डायोडभोवती पट्टी काळी पडली आहे का? आयसीच्या अंगाला भेग आहे का? आत मुंग्यांचे वारूळ किंवा मेलेली पाल आहे का? हसू नका, पालीने दोन तारा जोडल्या म्हणूनही फ्यूज उडते.

आता मीटर. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टकडच्या दोन तारा ओहमवर मोजा. दहा-वीसपासून काहीशे ओहमपर्यंत काहीतरी आकडा यायला हवा. काहीच आले नाही तर आतले वेटोळे तुटले किंवा वेटोळ्यावरच्या पट्टीखाली लपलेली उष्णतेची फ्यूज उडाली. ती फ्यूज तारेने जोडून ट्रान्सफॉर्मर चालवायचा मोह धरू नका. ट्रान्सफॉर्मर तापला म्हणून ती उडाली. ट्रान्सफॉर्मरच बदलायचा, तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा.

मग डायोड. प्रत्येक डायोडचा एक पाय पट्टीवरून सोडवा, म्हणजे शेजाऱ्याचा आकडा यात मिसळणार नाही. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. एका बाजूने ०.५ ते ०.७ दिसले आणि तारा उलट केल्यावर काहीच दिसले नाही तर डायोड ठीक. दोन्हीकडून शून्य, तर शॉर्ट. दोन्हीकडून काहीच नाही, तर तुटलेला. चारांतला एक गेला असेल तरी चारही बदला. बाकीच्या तिघांनीही तोच झटका सोसलेला असतो.

कपॅसिटर ओहमवर मोजताना आकडा आधी लहान दिसतो आणि हळूहळू वाढत जातो. हौद भरतो आहे असे समजा. शून्यावरच बसला तर शॉर्ट. डायोड सोडवल्यावरही अधिकची तार आणि मधली शून्याची तार यांमध्ये शून्य ओहम येत असतील, तर आयसी किंवा कपॅसिटर यांपैकी एक शॉर्ट आहे. उणे बाजूलाही तसेच पाहा. एकेक सोडवून पाहिले की चोर सापडतो.

स्पीकर चालू आहे, पण गाणे बंद केले तरी जाड 'घुंऽऽ' असा आवाज येत राहतो, हीसुद्धा एक खूण आहे. हौद आटला, म्हणजे कपॅसिटर वाळला, की विजेचे धक्के तसेच स्पीकरपर्यंत पोचतात. अशा वेळी फ्यूज शाबूत असते. कपॅसिटर बदलले की आवाज जातो.

भाग बदलताना

हे भाग तालुक्याच्या गावी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. जुना भाग काढून बरोबर न्या, म्हणजे आकडा चुकणार नाही. डायोड काही रुपयांत येतो, कपॅसिटरही फार महाग नाही. सगळे मिळून नव्या स्पीकरच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ ठरतो.

कपॅसिटर घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा. व्होल्ट तेवढे किंवा जास्त घ्या. १६ चा होता तर २५ चा, २५ चा होता तर ३५ चा चालतो, डब्यात मावला पाहिजे एवढेच. ८५ अंशांऐवजी १०५ अंश लिहिलेला मागा. दहा अंश उष्णता कमी झाली की कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते असा कारागिरांचा ठोकताळा आहे. आपल्याकडे पत्र्याखाली चैत्र-वैशाखात काय तापते हे तुम्हाला ठाऊकच आहे.

बसवताना बाजू उलटू देऊ नका. कपॅसिटरच्या अंगावरची पांढरी पट्टी उणे बाजूची. डायोडच्या टोकाची रेघ पट्टीवर छापलेल्या रेघेशी जुळली पाहिजे. उलटा बसवलेला कपॅसिटर फटाक्यासारखा फुटतो. रेग्युलेटर घेताना ७८१२ च्या जागी ७९१२ घेऊ नका. दुसरा उणे बाजूचा आहे आणि त्याच्या पायांचा क्रमही वेगळा असतो.

टीडीए २०३० बदलावी लागली तर तिच्या पाठीचा धातू आतून उणे बाजूला जोडलेला असतो हे ध्यानात ठेवा. ॲल्युमिनियमच्या पंख्याला ती लावताना मध्ये असलेली अभ्रकाची पातळ चकती आणि स्क्रूची बाही जशीच्या तशी परत बसवा, पांढरी पेस्ट लावा. चकती विसरली तर नवी फ्यूज लगेच उडू शकते.

डाग देताना हात स्थिर ठेवा. डाग चकचकीत आणि टेकडीच्या आकाराचा यावा. मळकट गोळी झाली तर तो सुटा राहिला असे समजा.

सिरीज बल्बची परीक्षा

भाग बदलले म्हणून लगेच बोर्डात पिन खोचू नका. गावातल्या वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो. त्यात ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावतात आणि स्पीकरला जाणारी वीज त्या बल्बातून जाते. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. आत अजून शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो. नवे भाग वाचतात. सगळे ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो.

हे पाहताना डब्यात २३० व्होल्ट असतात. म्हणून ही पायरी वायरमन किंवा कारागीर समोर असतानाच करा. दोन्ही कपॅसिटरांवर सारखे व्होल्ट आले की, स्पीकर जोडण्याआधी, स्पीकरला जाणाऱ्या तारांवर डीसी व्होल्ट मोजून घ्या. ०.१ व्होल्टच्या आत असले पाहिजेत. जास्त आले तर आयसी बिघडलेली आहे आणि त्या विजेने स्पीकरच्या पडद्यामागचे वेटोळे जळेल. हे एक माप घेतल्याने पुष्कळ स्पीकर वाचतात.

दुरुस्तीचा हिशेब

फ्यूज, डायोड, कपॅसिटर, रेग्युलेटर यांपैकी काही गेले असेल तर दुरुस्ती नक्की परवडते. त्यात आयसीची भर पडली तरी बहुधा परवडते. ट्रान्सफॉर्मर, आयसी आणि स्पीकरचे वेटोळे असे तिन्ही गेले असतील तर नव्याची किंमत विचारा आणि मग ठरवा. कारागिराला जुने काढलेले भाग परत मागा आणि बिघाडाचे कारण विचारा. चांगला कारागीर ते आनंदाने सांगतो.

घरातल्या मुलाला किंवा मुलीला यात गोडी असेल तर तिला अडवू नका, पण वाट नीट दाखवा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मोबाइल, पंपाचे ऑटो स्टार्टर, सौर दिवे, ठिबकचे टायमर या सगळ्यांत हेच डायोड आणि हेच कपॅसिटर असतात. ज्या गावात असा एक हात तयार होतो, त्या गावाची तालुक्याची खेप वाचते.

पुन्हा बिघडू नये म्हणून

लाइट गेली की स्पीकरची पिन काढा. आल्यावर पाच मिनिटे जाऊ द्या, दिवे स्थिर झाले की मग लावा. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडू लागले की आधी पिन काढा. वीज खांबावर दूर पडली तरी तिचा झटका तारेतून येतो.

साधा स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका झेलतो. न्यूट्रल तुटून मिनिटेच्या मिनिटे ४०० व्होल्ट आले तर तोच जळतो. त्यासाठी व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की वीज तोडणारा हाय-लो कटऑफ घराच्या बोर्डात बसवून घ्या. टीव्ही, फ्रिज, मोबाइलचे चार्जर सगळ्यांनाच त्याचा आधार होतो. माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि घराची चांगली अर्थिंग या दोन्ही गोष्टी वेगळ्या लागतात. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नका. डब्याच्या मागे चार बोटे जागा मोकळी ठेवा आणि जाळीतून पाल शिरणार नाही असे पाहा.

आणखी एक. काढलेले भाग, जुनी पट्टी, वायरीचे तुकडे उकिरड्यात टाकू नका आणि तांब्यासाठी जाळूही नका. जुन्या डागांच्या मिश्रधातूत शिसे असते. उकिरड्याचे खत तुम्ही शेतात नेता. त्याबरोबर शिसेही जाईल आणि जमिनीतून ते निघत नाही. १ एप्रिल २०२३ पासून देशात नवे ई-कचरा नियम लागू आहेत आणि असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवा. तोवर एका जुन्या डब्यात झाकून ठेवा.

मंडळी, स्पीकरच्या निमित्ताने जे सांगितले ते पंपाच्या स्टार्टरला आणि घरच्या मेन बोर्डालाही लागू आहे. आज संध्याकाळी सवड काढून आपल्या घरातल्या बोर्डावरचे कटआउट एकदा उघडून पाहा. मेन स्विच बंद करूनच पाहा. एखाद्यात जाड तार किंवा खिळा आढळला तर उद्या वायरमनला बोलवा आणि योग्य फ्यूज किंवा एमसीबी बसवून घ्या. स्पीकर त्यानंतर दुरुस्त झाला तरी चालेल.